दोन बोटं सैल

मार्गशीर्ष लागला की पेठ फाट्यावरून जायचं मी टाळते. भाजी तिथेच चांगली मिळते, बँकही त्याच बाजूला, तरी लांबचा वळसा घालते आणि वर रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालते. सकाळी सातच्या सुमाराला त्या चौकात डोंगरातून आलेली माणसं उभी असतात. पेठ, सुरगाण्याकडची. गोणीत भांडी, चादरीत गुंडाळलेली लेकरं, कधी टोपलीखाली एखादी कोंबडीसुद्धा. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जाणारे पिकअप येतात, मुकादम हाका मारतो, माणसं चढतात आणि चौक पुन्हा रिकामा होतो.

नाशिकची थंडी बाकीच्यांना आवडते. धरणावर धुकं बघायला जातात, शेकोटीचे फोटो टाकतात. मला मात्र थंडी पडली की एका जागी बसवत नाही. चहा दोनदा गरम करते आणि दोनदा विसरते. कपाट आवरायला काढते, अर्धं आवरून सोडते. झोपेतही पाय हलवते म्हणे. नवरा म्हणतो, "तुला डिसेंबर बाधतो." त्याला वाटतं संधिवाताची सुरुवात असेल. मी त्याला तसंच वाटू देते.

बाधतो तो सगळाच डिसेंबर नाही. एकच हिवाळा आहे, तीन वर्षांपूर्वीचा, आणि तो दर वर्षी नव्यानं येतो.

करंजमाळ नावाचा एक पाडा आहे. नकाशात शोधू नका, नाव मी बदललंय. वणीवरून पुढे गेलं की रस्ता डोंगरात शिरतो, द्राक्षांचे मांडव मागे पडतात, आणि जीपमधली माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायला लागतात. शेवटचे दोन कोस चालायचे. त्या दिवसांत नागलीची मळणी नुकतीच उरकलेली असायची. अंगणात कोंडा उडालेला, सारवलेल्या भिंतींना त्याचा वास. सकाळी काळीशार नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळायची. पहिल्या दिवशी ती घशाखाली उतरेना, चौथ्या दिवशी मी तिसरी भाकरी मागून घेतली.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, नाशिकमधल्या एका संस्थेत नोकरीला. काम काय, तर पाड्याच्या जंगलाचं मोजमाप. हे जंगल गावाच्या वनहक्कातलं. एके काळी तोडून तोडून उतार उघडा पडला होता. डोंगराच्या पोटात एक पाणथळ जागा होती, तिचंही कुणीतरी भातासाठी चर खणून पाणी काढून दिलं होतं. भात दोन-चार वर्षं आलं, मग जमीन भेगाळली आणि काठाची पाणजांभळं वठली. पाड्यानं तो चर दगडमातीनं बुजवला. पाणी पुन्हा अडलं. कुजक्या पाल्याची काळी माती पौषातसुद्धा पावलाखाली दबायला लागली, जुन्या बुंध्यांना धुमारे फुटले. उतारावर ऐन, हेद, धावडा आपसूक वर आले, कारण लोकांनी त्यांना वर येऊ दिलं.

याचे पैसे मिळतात, हे पाड्याला पटवणं अवघड होतं. झाडं हवेतला कार्बन ओढून खोडात साठवतात, आणि दूरदेशीची एखादी कंपनी आपल्या धुराची भरपाई म्हणून त्या साठवणीचे पैसे देते. मी हे तक्ते लावून सांगितलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं आणि त्याला आपलं नाव दिलं, हवेची मजुरी. अट एकच होती. झाडं खरंच वाढली हे दाखवायचं. त्यासाठी सुरुवातीला एकदा आणि नंतर दर तीन वर्षांनी खोडांचे घेर मोजायचे. वाढ दिसली तर करार पुढे, नाही दिसली तर बंद.

ही मजुरी बसून खायची नव्हती. डोंगरातली शेती राबावर चालते. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या छाटायच्या, रोपाच्या जागेवर पसरून जाळायच्या, त्या भाजलेल्या मातीत नागली-भाताची रोपं करायची. आजोबा-पणजोबांपासून हेच. करारात फांद्या तोडायला बंदी. आम्ही शहाण्यांनी ते कलम एका ओळीत लिहिलं. ती एक ओळ अमलात आणायला यमुनाबाईला तीन उन्हाळे भांडावं लागलं.

यमुनाबाई वनसमितीची अध्यक्ष. पन्नाशीची, काटक, आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गाय वळावी. सख्ख्या दिराच्या हातातला कोयता तिनं हिसकावून घेतला होता. जावेनं वर्षभर तिच्या घरचं पाणी प्यायलं नाही. राबाला पालापाचोळा आणि शेण वापरा म्हणून ती दारोदार सांगत फिरली, लोकांची रोपं पिवळी पडली तेव्हा शिव्याही तिनंच खाल्ल्या. त्या हिवाळ्यात मी पोचले त्याच संध्याकाळी तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि विचारलं, "ताई, मोजणीत वाढ निघंल ना?"

"निघायलाच हवी. डोळ्यांना दिसतेय की."

"डोळ्याला दिसतंय ते कागदावर दिसाया पायजे. ही लोकं माझ्या शबदावर थांबल्यात. जंगल वाढलं नाय असं निघालं, तं मला पाड्यात तोंड दाखवाया जागा नाय."

मी हसून म्हटलं, "काळजी करू नका." फुकटचा सल्ला द्यायला माझी जीभ नेहमीच पुढे.

मोजणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पहिल्या वेळची मोजणी पाड्यातल्या माणसांनीच केली होती. मी एक दुपार येऊन शिकवून गेले होते आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं होतं. या वेळी मात्र पट्टा माझ्या हातात घ्यायचा, असं मी ठरवून आले. यमुनाबाई झाडावरचा रंगवलेला नंबर मोठ्यानं सांगायची, मी छातीच्या उंचीवर पट्टा गुंडाळायची, घेर वाचायची, वहीत लिहायची. बरोबर काशीबाबा. सत्तरीचा, जन्मभर गुरं राखलेली, उतारावरचं प्रत्येक झाड त्याला ओळखीचं. मागच्या वेळी पट्टा त्यानंच धरला होता आणि बाकीच्यांना धरायला शिकवलं होतं. या वेळी तो मी घेतला. काशीबाबा नुसता मागून चालत राहिला, वाटेतल्या काट्या बाजूला करत.

संध्याकाळी जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवले. झाडं वाढलीच नव्हती. काही तर बारीक झाली होती. एकशे बारा नंबरचा ऐन, ज्याच्या सावलीत आम्ही दुपारी भाकरी खाल्ली, तो तीन वर्षांपूर्वीपेक्षा एक बोटभर कमी. माणसं वाळतात, झाडाला कसली आलीय मधुमेहाची तक्रार! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझं डोकं फिरायला लागलं. पहिल्या वेळी यांनी आकडे फुगवून लिहिले असणार, हाच विचार पहिल्यांदा आला. तो आला याची मला आज लाज वाटते. त्या वेळी वाटली नाही. उलट मी यमुनाबाईवर चढ्या आवाजात बोलले, "खरं सांगा, मागच्या वेळी मोजलं होतं का नुसतं लिहिलं होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, वळली आणि उतार चढून निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

काशीबाबा मात्र तिथेच उभा होता. तो सगळ्यांना अरे-तुरे करतो, तहसीलदारालाही. म्हणाला, "पट्टा दे इकडं. कसं मोजलं त्ये दावतो." त्यानं पट्टा ऐनाभोवती घेतला, टोकं जुळवली, आणि आकडा वाचायच्या आधी उजव्या हाताची दोन बोटं पट्टा आणि साल यांच्यामध्ये सरकवली. हलवून बघितली. मग म्हणाला, "हां. आता वाच."

"बाबा, बोटं कशाला?"

"मंग? आवळून बांधू काय?" त्याला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "वासराच्या गळ्यात दावं बांधताना दोन बोटं सैल ठेवावं लागतं. वाढतं जितराब हाय त्ये. आवळलं तं गळा कापतो. तूच बोलली हुतीस, पट्टा घट्ट नको, साल दबंल."

बोलले होते. शब्दन् शब्द तसाच. समाजमंदिराच्या ओट्यावर, घाईत, चारची जीप गाठायची होती म्हणून. पट्टा आवळू नका, एवढं सांगितलं. सालीला नुसता टेकवा, हे सांगायचं राहिलं. एकाही झाडापाशी उभं राहून मी त्यांच्याकडून करून घेतलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि निघून आले. पाड्यानं ऐकलं ते त्यांना ठाऊक असलेल्या रीतीनं केलं, आणि मनापासून केलं, एकही झाड न चुकवता. तीन वर्षांत खोडं जेवढी भरली, तेवढी वाढ त्या दोन बोटांनी आधीच लिहून टाकली होती.

मी धावत यमुनाबाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. माफीही मागितली असेन, आठवत नाही. ती दगडावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "मंग या बारीलाबी दोन बोटं घालून मोजू. तवा सैल, आतासुदीक सैल. वाढ तं खरीच निघंल."

हिशेबानं ती अगदी बरोबर होती, माझी पदवी तिच्यापुढे झक मारत होती. पण महिन्याभरात कंपनीचा तपासनीस येणार होता, तो स्वतःच्या हातानं काही झाडं मोजणार होता, आणि त्याच्या पट्ट्यात बोटं नसणार होती. मग ती चूक राहिली नसती, लबाडी ठरली असती. शेवटी असं ठरलं की प्रत्येक झाड दोनदा मोजायचं. एकदा काशीबाबाच्या बोटांनी, एकदा टेकवून. दोन्ही आकडे द्यायचे आणि काय घडलं ते लिहायचं.

पण मुकादमाचा पिकअप दोन दिवसांनी येणार होता. मोजणीला थांबलेली माणसं तेव्हा निघाली नाहीत तर बागेतली त्यांची जागा दुसऱ्यांना जाणार. यमुनाबाई त्या संध्याकाळी पुन्हा दारोदार फिरली. मोजणीसाठी आणखी आठ दिवस थांबा म्हणून सांगत होती. मी तिच्या मागे मागे, कंदिलाला हात लावायचीही माझी लायकी नाही असं वाटत. एक बाई भाकऱ्या थापता थापता एवढंच म्हणाली, "येमुना सांगती तं थांबू." पिकअप आला आणि निम्मा रिकामा परत गेला.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस आहेत, आणि त्यांचीच आठवण मला छळते. पहाटे दव इतकं की पट्टा हाताला झोंबायचा. शेकोटीत भाजलेले कंद, धुरानं चुरचुरणारे डोळे, पाणथळीत पोटरीपर्यंत रुतून पाणजांभळांचे कोवळे बुंधे मोजणाऱ्या बायकांचं खिदळणं. काशीबाबा प्रत्येक झाडाला बोटं घालायचा, आकडा ऐकायचा, मग पट्टा माझ्याकडे द्यायचा आणि मी टेकवला की म्हणायचा, "दुखंल त्याला." शेवटी वाढ निघाली. चांगली निघाली. यमुनाबाईनं गूळ वाटला.

नाशिकला परतले तेव्हा साहेबांनी कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार ठेवला होता. इंग्रजीत, सभ्य, गुळगुळीत. त्यात एक वाक्य होतं की पहिल्या मोजणीतील तफावत ही स्थानिक मोजणीदारांच्या चुकीमुळे झाली. मी म्हटलं, "चूक शिकवण्यात झाली. माझी झाली." साहेब म्हणाले, "तुमचं नाव लिहिलं तर संस्थेचं लिहिल्यासारखं आहे. आपली इतर गावंही अडकतील. त्यांना काय फरक पडतो, ते थोडंच हे वाचणार?" मला गृहकर्ज होतं, धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यानं मला बरंही वाटलं. मी सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि त्यातला चोर सही करायला पेन शोधत होता.

करार टिकला. कंपनीनं एक अट घातली की यापुढे मोजणी बाहेरची माणसं करतील. मी वर्षभरात ती नोकरी सोडली. आता एका शाळेत शिकवते, पानांचे प्रकार आणि मुळांचे प्रकार. मुलं विचारतात, बाई तुम्ही जंगलात राहिलाय का, आणि मी फळ्याकडे वळते.

या वर्षी पेठ फाटा टाळता आला नाही. रिक्षावाल्यानं माझं न ऐकता सरळ रस्ता धरला, आणि चौकात, गोणीवर बसलेली यमुनाबाई दिसली. मला आधी वाटलं भास झाला. रिक्षा थांबवून उतरले. ती उठली नाही, हसली मात्र.

"तुम्ही? इथं?"

"बागंला चालले. विरळणीला, घडातलं मणी काढाया." जणू बाजाराला चालली होती.

"पण करार चालू आहे ना? पैसे येतात ना?"

"येत्यात. पैशाचं काय नाय, ताई." तिनं पदर खांद्यावर घट्ट घेतला. "मोजाया आता पँटवाली पोरं येत्यात. आमाला जवळ येऊ देत नायत. लोकं म्हणत्यात, जंगल आता कंपनीचं. राबाला फांद्या परत तुटाया लागल्या. मी आडवी गेले तं माझाच दीर बोलला, तुमाला झाड मोजता येत नाय, तुमी काय जंगल राखणार? मंग मी थांबून कुणाला थांबवू?"

मी तिथेच, मुकादमाच्या आरडाओरडीत, सांगून टाकलं. पत्र, ते वाक्य, माझी सही.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "संस्थेच्या माणसानं सभेत वाचून दावलं हुतं. मराठी करून. काशीबाबा पुढंच बसला हुता."

पिकअप आला. मी तिचा हात धरला, बहुतेक रडतही होते. तिनं हात सोडवून घेतला आणि गोणी आत टाकली. "माझ्यापाशी काय रडताय? मी तवाच वळखलं हुतं. परवा पाड्यात सभा हाय. रडायचं तं तिथं या." पिकअप निघाला तेव्हा ती मागं बघत नव्हती, कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन त्याचे कान झाकत होती.

दोन रात्री झोप लागली नाही. पहिल्या रात्री पत्र लिहून मेल केलं, संस्थेला आणि कंपनीला, यावेळी माझ्या नावानं. चूक शिकवणाऱ्याची होती, मोजणाऱ्यांची नव्हती, मोजणी पाड्याला परत द्या. कंपनीकडून पत्र मिळाल्याचं यंत्राचं उत्तर आलं, संस्थेकडून तेही नाही. तिसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून पहिली बस धरली, मग जीप, मग पायी.

सभा समाजमंदिराच्या ओट्यावर होती. माणसं कमी, बरीच बागांवर गेलेली. मी उभी राहिले. वर्गात रोज पाच तास बोलणारी मी, तिथे मला घोटभर पाणी मागावं लागलं. मग सगळं सांगितलं. त्या दुपारी मी काय शिकवलं, काय शिकवायचं राहिलं, कागदावर काय लिहिलं आणि का लिहिलं. कुणी ओरडलं नाही. यमुनाबाईचा दीर खाली बघत काडीनं माती उकरत होता. कुणीतरी एवढंच म्हणालं, "पुना त्येच कागद बदलून आणा." मी म्हटलं, लिहिलंय, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहीन. याहून जास्त वचन द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

काशीबाबा भिंतीला टेकून बसला होता. फार वाळला होता. सभा उठल्यावर त्यानं मला हाक मारली.

"म्हंजे चूक माझी नव्हती."

"नव्हती, बाबा."

"मी लोकांना शिकिवलं, मी पाडा बुडवला, त्यो कागद ऐकला तवापास्नं असं धरून बसलो हुतो." तो ते शांतपणे सांगत होता, त्यानंच मला अधिक लागलं. "तीन वरसं वर गेलो नाय. झाडापुढं जायाची लाज वाटं. आता गुडघं गेलं. आता चढवत नाय."

मी खाली बसले. तोच पुढे वाकून म्हणाला, "पाणथळीतली जांभळं केवढी झाली गं?"

मला सांगता येईना. मी ओट्यापर्यंत आले होते, माझं मन मोकळं केलं होतं, आणि खालच्या खालीच परतीची जीप गाठणार होते.

"बघितली नाहीत, बाबा."

"मंग जा की. उजेड हाय अजून." मी पिशवीत हात घातला तसा तो म्हणाला, "पट्टा नको. कवेत घिऊन बग एकेकाला, आन् कितीसं भरतंय त्ये मला इथं येऊन सांग. मी हाय बसलेला."